पथ्याचा कागद

माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चांगलंच बोलायचं असतं. आमच्या मॅडम अजून आहेत, रायपुरात तात्यापाऱ्यात राहतात, रोज सकाळी भाजीवाल्याशी भांडतात. तेव्हा मला ती अडचण नाही. मला त्यांचा राग यायचा, हे मी मोकळेपणाने सांगू शकते. त्यांना तर सगळ्या जगाचा यायचा.

एका मोठ्या खाजगी रुग्णालयात त्या आहारविभागाच्या प्रमुख होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली लागले होते. माझी पदवी ताजी, गाव अमरावती, आणि डोक्यात अशी समजूत की आहारतज्ज्ञ म्हणजे गोड आवाजात कॅलरी सांगणारी बाई. मॅडम छप्पन्न वर्षांच्या होत्या. त्यांचं घराणं भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेलं, त्यामुळे मराठी वऱ्हाडी वळणाची, पण वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीतून छत्तीसगढीत जाऊन संपायचं. कपाळावर आठी कायमची. ती आठी झोपेतही जात नसावी.

पहिल्या दिवशी मी नमस्कार केला तर त्यांनी मान वर न करता विचारलं, "सकाळी काय खाल्लं?"

"पोहे, मॅडम."

"दाणे होते पोह्यात?"

"नव्हते. घाई होती."

"लोकांले खायचं शिकवाले आली, अन् स्वतःच्या पोह्यात दाणे टाकाले वेळ नाही," त्या म्हणाल्या. "बस तिथं."

त्यांना स्वतःला दमा होता. लहानपणापासूनचा. इनहेलर एप्रनच्या खिशात, आणि लोक चष्मा पुसतात तितक्या सहज त्या तो भर ओपीडीत ओढायच्या. लपवायच्या नाहीत. रुग्णाची आई किंवा बायको समोर बसून "केळं चालेल का, पेरू चालेल का" असं भीत भीत विचारू लागली की मॅडम टेबलाचा खण उघडायच्या, पेरू काढायच्या (त्याला इकडे बिही म्हणतात), चाकूने चार फोडी करायच्या, तिखटमीठ लावायच्या आणि चावून चावून खायच्या.

"मुझे भी दमा है," त्या म्हणायच्या. "देख लो. खा रही हूँ. बैठो दस मिनट, देखो मरती हूँ क्या."

माणसं खरोखर दहा मिनिटं बसायची. काहींना हसू यायचं, काही घाबरून बाहेर पडायची. मॅडमना दोन्हींचा सारखाच राग यायचा.

'परहेज' हा शब्द त्यांच्या खोलीत उच्चारायची सोय नव्हती. मराठीत 'पथ्य' म्हटलं तरी त्या भडकत. मी एखाद्या रुग्णाची आहाराची चिठ्ठी लिहून दाखवायला नेली की त्या फक्त 'टाळा' असं लिहिलेला भाग वाचायच्या. तिथे एक पदार्थ दिसला की विचारायच्या, "हे काढलं. मग त्याच्या जागी दोन काय घातले?" उत्तर नसलं की चिठ्ठी परत. हातात नाही, टेबलावरून सरकवून, कधी कधी जमिनीवर.

"ताटातून काढणं कोणालेही जमते," त्या म्हणायच्या. "सासूले जमते, शेजारणीले जमते, बाबा-बुवाले जमते. त्याले शिक्षण लागत नाही. घालून दाखव."

त्यांनी मला जे शिकवलं ते फार साधं होतं. कुठल्याही अन्नाने दमा बरा होत नाही, आणि जो तसं सांगतो तो खोटारडा आहे. औषध श्वासनळीत जायला पाहिजे, ते पहिलं. मग ताट. फळं, पालेभाज्या, डाळ, अंडं, मासळी खाणाऱ्याच्या अंगात लढायला बळ राहतं. ज्याचं वजन फार वाढलंय त्याने ते थोडं जरी उतरवलं तरी छाती मोकळी होते. पोटभर जेवून लगेच आडवं झालं की आंबट वर येतं आणि खोकला सुरू होतो, म्हणून जेवण लवकर. स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्या असतील तर हाडांकडे बघायचं, दूध-दही, नाचणी, ऊन. आणि एखाद्याला एखादा पदार्थ खरोखर सोसत नसेल तर तो त्याच्या नावाने शोधून काढायचा, डॉक्टरांकडून तपासून घ्यायचा. एकाचा पदार्थ दुसऱ्याला लावायचा नाही. बस, इतकंच. हे सांगायला त्यांना पंधरा मिनिटं लागत, आणि ते न सांगता मनाई करणाऱ्यांना शिव्या घालायला उरलेला दिवस.

आता त्यांच्याविषयीची माझी तक्रार. बँकेत काम करणारी एक बाई आपल्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. मुलगा जाड, धाप लागणारा, हातात वेफर्सचं पाकीट. मॅडमनी ते पाकीट त्याच्या हातातून घेतलं आणि अख्ख्या रांगेसमोर आईला विचारलं, "याले घरी कोणी सैपाक करून देत नाही काय?" बाईचा चेहरा उतरला. ती उठली, मुलाचा हात धरला आणि गेली. परत कधी आली नाही.

"मॅडम, ती परत येणार नाही," मी म्हटलं.

"खरं बोलली मी."

"खरं बोललात. पण मुलगा हातून गेला ना."

त्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. मला वाटलं, बरं झालं. बोलणं बरोबर असलं की माणसं टिकतात असं त्यांना खरंच वाटत असे, आणि त्यापायी त्यांनी किती जणांना दारातून घालवलं कोण जाणे.

पण चुकल्या की कशा वागायच्या, तेही मी बघितलं आहे. सदर बाजारातल्या एका कापडाच्या दुकानात साड्या दाखवणारे एक गृहस्थ होते. पन्नाशीचे, सभ्य, हळू आवाजाचे. ते म्हणाले, "मॅडमजी, बाजारातलं बाटलीतलं लिंबाचं सरबत प्यालो की छाती आवळते. घरचं लिंबूपाणी प्यालो तर काही होत नाही."

मॅडम त्यांच्यावर तुटून पडल्या. लिंबाने दमा वाढतो ही गावगप्पा आहे, तुमच्यासारखी शिकलेली माणसं असं बोलू लागली तर आम्ही काय करायचं, वगैरे. गृहस्थांनी मान खाली घालून ऐकलं. आठवड्याने एका लग्नात त्यांनी मॅडमच्या भरवशावर तेच बाटलीतलं सरबत घेतलं. तिथून त्यांना थेट आमच्याकडे आणलं, ऑक्सिजनवर.

मॅडम त्यांच्या खाटेशी गेल्या, काय काय खाल्लं ते बारकाईने विचारलं, मग बाजारातून ती बाटली मागवली आणि भिंग लावून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली. टिकवण्यासाठी घातलेलं एक द्रव्य होतं. काही दम्याच्या माणसांना ते सोसत नाही, हे त्यांनाही माहीत होतं, मलाही माहीत होतं, पुस्तकात वाचलेलं होतं. माणूस मात्र स्वतःच्या छातीवरून सांगत होता, आणि आम्ही त्याला गावगप्पा म्हटलं होतं.

ते बरे होऊन दुकानात जायला लागल्यावर मॅडम मला घेऊन सदर बाजारात गेल्या. सणाचे दिवस, स्कूटरींची गर्दी, दुकानात गाद्यांवर बायका बसलेल्या. मॅडम चपला काढून आत गेल्या आणि उभ्यानेच मोठ्या आवाजात म्हणाल्या, "भैया, आप सही थे. मैं गलत थी. आपकी बात सुननी चाहिए थी, नहीं सुनी." गृहस्थ ओशाळून उभे राहिले, हातात अर्धी उलगडलेली साडी. "कोई बात नहीं, मॅडमजी, बैठिए." "बात कैसे नहीं," मॅडम त्यांच्यावरच खेकसल्या. "मरते मरते बचे हो. गुस्सा करो मुझ पर." ते बिचारे काही रागावू शकले नाहीत. परत येताना मॅडम रिक्षात धुसफुसत होत्या की लोकांना धड रागावताही येत नाही.

तेव्हापासून त्यांच्या खोलीच्या भिंतीवर पाकिटांची आणि बाटल्यांची लेबलं चिकटवलेली असायची, लाल पेनाने खुणा केलेली. आणि रुग्ण काही बोलला की त्या आधी लिहून घ्यायच्या, मग ओरडायच्या.

एकदा कँटीनमध्ये जेवताना त्यांनी मला त्यांच्या लहानपणाचं सांगितलं. विचारलं नव्हतं. मी दही-भात खात होते आणि त्या माझ्या ताटाकडे बघत होत्या.

"सात वर्षं मले दही नाही भेटलं," त्या म्हणाल्या. "वयाच्या सहाव्या वर्षापासून तेराव्यापर्यंत. आंबा नाही, केळं नाही, भात नाही. पाटावर सारी भावंडं बसायची अन् माझं ताट वेगळं. कोरडी पोळी अन् मुगाचं पाणी. आत्या म्हणायची, पोरीच्या भल्यासाठी आहे. एक दिवस मी पाण्याच्या टाकीमागं लपून अख्खा आंबा खाल्ला. कोय चाटून चाटून पांढरी केली. मग तिथंच बसून राहिली, आता दम लागीन, आता लागीन. नाही लागला."

"मग घरी सांगितलं?"

"कशी सांगणार? चोरून खाल्लं म्हणून मार भेटला असता. अन् दम तर तसाही लागायचाच, दही न खाताही लागायचा. कोणी म्हटलं नाही की बाई, आपण सारं बंद करून पाह्यलं, काही फरक नाही, आता पोरीले खाऊ द्या. उलट आणखी एक पदार्थ बंद." त्यांनी माझ्या ताटातल्या दही-भाताकडे बोट केलं. "खा. पाहून काय राहिली."

त्या दिवसानंतर मला त्यांचा राग समजला. आवडला नाही, पण समजला. आणि तरीही मी जे केलं ते केलं.

आमच्याकडे छातीच्या विभागाचे एक मोठे डॉक्टर होते. त्यांचं नाव मोठं, रांग मोठी. त्यांच्या विभागात एक छापील कागद होता: दम्याच्या रुग्णाने काय खाऊ नये. बावीस गोष्टी. भात, दही, ताक, केळं, पेरू, सीताफळ, टोमॅटो, वांगं, उडीद, अंडं, मासळी, लिंबू आणि पुढे. खाली एका पौष्टिक पावडरच्या डब्याचं चित्र, आणि शेवटची ओळ: परहेज पूरा, तो दवा की जरूरत कम. तो डबा रुग्णालयाच्याच औषधाच्या दुकानात मिळायचा. मॅडमनी आल्या आल्या तो कागद आमच्या विभागातून हद्दपार केला होता. डॉक्टरांशी त्यावरून त्यांची दोनदा जुंपली होती.

मॅडम भावाच्या आजारपणासाठी दहा दिवस बिलासपूरला गेल्या. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी मला बोलावलं. चहा दिला. म्हणाले, "देखो बेटा, मरीज को कागज चाहिए, लेक्चर नहीं. तुम समझदार हो." कागदांचा गठ्ठा पुढे केला. मी घेतला. मला वाटलं होतं ते हे: इतका मोठा माणूस मला समजदार म्हणतोय. दुसरं काही नाही. धमकी नाही, जबरदस्ती नाही. एक कप चहा.

त्या दहा दिवसांत मी तो कागद कितीजणांना दिला ते मला सांगता येणार नाही. पण एक बाई मला स्पष्ट आठवते. रायपुरातल्याच गुढियारी वस्तीतली. नवरा मालधक्क्यावर पोती उचलायचा, ती एका गोदामात धान्य निवडायची. मुलगी नऊ वर्षांची, नाव खिलेश्वरी. दोन वेण्या, लाल रिबिनी. डॉक्टरांनी इनहेलर लिहून दिला होता आणि आहारासाठी माझ्याकडे पाठवलं होतं. मी कागद पुढे केला. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून ती एकेक विचारू लागली.

"बासी, दीदी?" बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी खातात तो. इकडच्या कष्टाच्या माणसाचा नाश्ता तोच.

"नहीं."

"दही?"

"नहीं."

"भात तो खाएगी ना?"

"रात को बिल्कुल नहीं. रोटी दो."

"रोटी नइ खाय, दीदी."

"आदत डालो," मी म्हटलं. आणि खाली सही केली. रांग लांब होती.

तीन महिन्यांनी त्या मायलेकी परत आल्या, तेव्हा मॅडम टेबलाशी होत्या आणि मी शेजारी. मुलगी आईच्या कडेवर होती. नऊ वर्षांची मुलगी कडेवर. छाती भात्यासारखी चाललेली, बरगड्यांमधली कातडी दर श्वासाला आत ओढली जात होती. तिला आधी आत नेलं, ऑक्सिजन लावला, वाफेतून औषध दिलं. जीव वाचला. तासाभराने मॅडमनी तिचं वजन केलं. एकवीस किलोची पोर अठरावर आली होती.

मॅडमनी दोन बोटांनी तिचा दंड धरला. बोटं एकमेकांना टेकली.

"क्या खिलाती थी इसको?" त्यांनी आईला हिंदीत विचारलं, पण हळू. मॅडम हळू बोलल्या की मला भीती वाटायची.

"सब्बो बंद कर दे हन, दीदी," आई म्हणाली, जरा अभिमानानेच. सगळं बंद केलं आहे. शेजारच्या घरात पूजेचा प्रसाद वाटला तर तोही हातातून काढून घेतला होता. मुलगी पोळी खायची नाही म्हणून दोन-दोन दिवस मुगाच्या पाण्यावर राहायची. आणि इनहेलर संपल्यावर नवा आणला नव्हता, कारण कागदावर लिहिलं होतं ना, शेजारच्या पोराने वाचून दाखवलं होतं, परहेज पूर्ण असेल तर औषध कमी लागतं. आणि परहेज तर पूर्ण होतं. डबा मात्र दर महिन्याला आणत होते.

"कागज दिखाओ," मॅडम म्हणाल्या.

तिने पिशवीतून तो काढला. रेशनकार्डासारखा प्लॅस्टिकमध्ये घालून जपलेला. मॅडमनी वरपासून खालपर्यंत वाचला. माझ्या सहीपाशी त्यांची नजर थांबली, ते मी बघितलं. त्यांनी कागदाची घडी केली आणि एप्रनच्या खिशात ठेवली. माझ्याकडे वळल्याही नाहीत.

मग त्या उठल्या. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर चाळीस-पन्नास माणसं बसली होती. मॅडमनी औषधाच्या दुकानातून तो पावडरचा डबा उचलला, दारापाशी गेल्या, दार उघडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागल्या. "अठरा किलो. नौ साल की लड़की. दमे से नहीं सूखी, आपके कागज से सूखी. भूख से सूखी." डॉक्टर म्हणाले, मॅडम, आत येऊन बोला. "अंदर क्यों? कागज तो बाहर बाँटा था." रांगेतली माणसं आपापल्या पिशव्यांतून कागद काढून बघू लागली. मॅडमनी एकेकाच्या हातातून ते घेतले आणि फाडले. कोणाला विचारलं नाही. एका म्हाताऱ्याने दिला नाही तर त्याच्याशीही भांडल्या. शेवटी त्यांनाच धाप लागली, इनहेलर ओढावा लागला, आणि तो ओढून झाल्यावर त्या पुन्हा ओरडल्या.

चौकशी समिती बसली. विषय मुलीचं वजन नव्हता. विषय होता, रुग्णांसमोर गैरवर्तन. आणि डॉक्टरांचं म्हणणं असं की कागद आहारविभागातून गेला, तेव्हा जबाबदार आहारविभाग. तिघे जण लांब टेबलामागे बसले होते. मला बोलावलं.

"या मुलीच्या आईला कागद कोणी दिला?"

मॅडम माझ्यापासून चार हातांवर बसल्या होत्या. तो कागद त्यांच्याकडे होता, माझ्या सहीसकट.

"आठवत नाही," मी म्हटलं.

मी वाट बघत होते की मॅडम आता कागद काढतील आणि टेबलावर आपटतील. मी मनात तयारीही केली होती, रडायची.

"विभाग माझा," मॅडम म्हणाल्या. "माझ्या विभागातून गेला. माझं नाव लिहा. अन् हेही लिहा की मी ओरडली, अन् असं पुन्हा दिसलं तर पुन्हा ओरडीन." त्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. भिंतीवरची लेबलं काढायला त्यांना अर्धा तास लागला. मी मदत करायला पुढे झाले तर म्हणाल्या, "राहू दे."

महिन्याभराने तो कागद पुन्हा छापून आला. यादी तीच, डबा तोच, फक्त औषधाविषयीची ओळ गाळली होती. मी तो वाटला नाही, पण वाटू नका असंही कोणाला म्हटलं नाही. थोड्या दिवसांनी नव्या रायपुरात एका कार्यालयात मला काम मिळालं, शाळांच्या जेवणाचे तक्ते बघण्याचं. रुंद रस्ते, थंड खोल्या, बस तासाला एक. तिथे कोणी ओरडत नव्हतं. मला झोप येत नव्हती. आणि झोप येत नाही याचा राग मी मॅडमवर काढायची. त्यांनी कागद दाखवायला हवा होता. दाखवला असता तर मला शिक्षा झाली असती आणि विषय संपला असता. मला वाचवण्याचा त्यांना काय अधिकार होता, असं मी स्वतःशी भांडायची.

वर्ष झाल्यावर एका रविवारी मी तात्यापाऱ्यात त्यांच्या घरी गेले. त्या अंगणात बसून लाल भाजी निवडत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. डॉक्टरांचा चहा, गठ्ठा, सही, 'आठवत नाही' म्हटलं ते. त्या निवडत राहिल्या.

"मी चुकले, मॅडम. मला माफ करा."

"मले काहून सांगून राहिली?" त्या म्हणाल्या. "माझं वजन कमी झालं होतं काय?"

मी तिथेच खाली बसले.

"मी तुले वाचवलं बिचवलं नाही. समितीले तुझं नाव दिलं असतं तर त्यांनी तुले काढलं असतं अन् कागद चालूच ठेवला असता. त्यांच्या हातात बळी द्यायले कोंबडी कशाले देऊ." त्यांनी देठ बाजूला टाकले. "जिचं वजन कमी झालं तिच्या घरी जा. मी दर बुधवारी जातो तिथं. गुढियारीत शिरली की पाण्याच्या टाकीपाशी विचारजो, कोणीही दाखवीन."

मी त्याच दुपारी गेले. वस्तीतलं एका खोलीचं घर, दारात सायकल. खिलेश्वरी गल्लीत इतर मुलींबरोबर बिल्लस खेळत होती, एका पायावर उड्या मारत. अंग भरलं होतं. मला तिने ओळखलं नाही. आईने ओळखलं. बसायला पाट दिला, पाणी दिलं, आणि समोर भिंतीला टेकून बसली.

मी हिंदीत म्हटलं, "वो कागज मैंने दिया था. गलत था. मुझे पता था कि मॅडम ने मना किया है, फिर भी दिया."

"हव," ती म्हणाली. "आपेच दे रहेव." हो, तुम्हीच दिला होता. ती ते कधीच विसरली नव्हती. मग ती बोलली, आवाज न चढवता. "मोर नोनी प्रसाद बर रोवत रहिस, दीदी. मैं ओकर हाथ ले नंगा लेंव." माझी पोर प्रसादासाठी रडत होती आणि मी तो तिच्या हातातून हिसकावून घेतला. "आप मन कहेव, हमन मान लेन."

तुम्ही सांगितलं, आम्ही मानलं. मॅडमच्या ओरडण्याने मी कधी इतकी लहान झाले नव्हते.

"त अब बता," ती म्हणाली. "का खवाँव?" आता सांग, काय खाऊ घालू.

तिला सगळं माहीत होतं. मॅडम दर बुधवारी येत होत्या. ती माझी परीक्षा घेत होती. मी सांगू लागले. इनहेलर रोज, त्याची प्लॅस्टिकची नळी लावून, चुकवायचा नाही. सकाळी आदल्या रात्रीचीच बासी, बरोबर कांदा आणि भाजी. अंडं रोज एक. डाळ घट्ट. लाल भाजी, चेच भाजी, जी मिळेल ती. पेरू, पपई, जे हंगामात असेल ते. दही दुपारी. काही खाल्ल्यावर दर वेळी दम लागतोय असं दिसलं तर तेवढंच लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगायचं.

तिने ऐकून घेतलं. मग कमरेचा मोबाईल काढला, नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

"मैडम, ओ दीदी आए हे. कहत हे रोज इनहेलर."

"हव," मॅडमचा आवाज आला.

"बासी, कांदा संग."

"हव."

"अंडा रोज एक."

"हव."

एकेक करून तिने सगळं विचारलं. माझ्यासमोर, माझ्याकडे बघत. प्रत्येकाला मॅडमचं हव आलं. शेवटी ती म्हणाली, "दही, मंझनिया."

या वेळी हव आलं नाही.

"दही दोपहर को ही क्यों?" मॅडमचा आवाज आला. "शाम को क्यों नहीं? उससे पूछो."

खिलेश्वरीच्या आईने फोन माझ्या तोंडासमोर धरला. "संझा काबर नहीं, दीदी?"

मी कारण शोधू लागले. पुस्तकात आठवून बघितलं, वर्गात आठवून बघितलं. कुठेच नव्हतं. ते मी कधी, कोणाकडून ऐकलं होतं तेही मला माहीत नव्हतं. माझ्या तोंडातून ते आपोआप निघालं होतं, तिच्या घरात, त्या दिवशीसुद्धा.

"कुछ कारण नहीं है," मी म्हटलं. "शाम को भी दो."

"संझा भी देव कहत हे," आईने फोनमध्ये सांगितलं.

"बराबर," मॅडम म्हणाल्या. "लेकिन उसको बुधवार को फिर बुलाओ. ऐसा अभी बहुत निकलेगा उसमें से."